भरलेले रिव्हॉल्व्हर सोबत बाळगताना : परवानाधारकांनी घ्यायची काळजी

कृष्णाकाठ :

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात राज्य महामार्गालगत आमचा पेट्रोल पंप आहे. दिवसभराची रोकड बँकेत पोहोचवण्याचे काम बहुतेक वेळा मलाच करावे लागते. गेल्या वर्षी आमच्याच रस्त्यावर एका व्यापाऱ्याला अडवून लुटले गेले, त्यानंतर मी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला. पोलीस ठाण्याची चौकशी, चारित्र्य पडताळणी, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असे सगळे सोपस्कार होऊन परवाना हाती आला आणि कानपूरच्या कारखान्यात तयार झालेले बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर मी विकत घेतले.

प्रशिक्षणात नेम धरायला आणि गोळी चालवायला शिकवले, परंतु भरलेले शस्त्र दिवसभर अंगावर घेऊन वावरायचे कसे, हे फारसे कोणी सांगितले नाही. दुकानदाराने एक मऊ चामड्याचे होल्स्टर, म्हणजे पट्ट्याला अडकवायचे शस्त्राचे आवरण, भेट म्हणून दिले. आमच्या भागातले जुने परवानाधारक शर्टाखाली कमरेला नुसते खोचतात, काही जण गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवतात. सहाही काडतुसे भरावीत की नाहीत, गाडी चालवताना शस्त्र कुठे असावे, घरी दोन लहान मुले आहेत तर रात्री ते कसे ठेवावे, या तिन्ही बाबतींत मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. शस्त्र असावे की नसावे, या वादासाठी हा धागा नाही. तो निर्णय मी घरच्यांशी बोलून आधीच घेतला आहे.

निवृत्त आर्मरर :

कृष्णाकाठ, प्रश्न योग्य वेळी विचारलात, कारण शस्त्राच्या सवयी पहिल्या काही आठवड्यांतच पडतात आणि मग त्या सुटत नाहीत. माझी सगळी नोकरी पोलीस दलाच्या शस्त्रागारात झाली. दुरुस्तीला आणि तपासणीला आलेल्या शस्त्रांकडे पाहून मला जे उमगले, ते सविस्तर लिहितो.

गोळी सुटण्याची कारणे मोजकीच असतात. एक तर चाप मागे ओढला जातो, किंवा घोड्यावर (चाप ओढल्यावर मागून आदळणारा भाग) बाहेरून आघात होऊन काडतुसाची टोपी (बुडाशी असलेला, आघाताने पेटणारा भाग) फुटते. शस्त्र सोबत बाळगण्याची सगळी शिस्त या दोन कारणांपुरती आहे : चापाच्या कडीत आपल्या इच्छेशिवाय काहीही शिरू नये, आणि शस्त्र पडले, आपटले तरी घोडा टोपीपर्यंत पोहोचू नये.

पहिल्या कारणावरचा उपाय म्हणजे होल्स्टर, आणि इथेच लोक पैसे वाचवतात. दुकानदाराने दिलेले होल्स्टर आधी तपासा. रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामे करा, सिलिंडरची सहाही घरे डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा आणि मग ते होल्स्टरमध्ये घालून बाहेर काढा. काढल्यावर होल्स्टरचे तोंड उघडे राहते की मिटते, ते पाहा. मऊ चामड्याचे तोंड मिटते. पुढच्या वेळी शस्त्र आत सरकवताना त्या तोंडाची कड दुमडून आत जाते आणि नेमकी चापापुढे येऊन बसते. शस्त्र खाली दाबले की ती घडी चाप मागे ढकलते, आणि नळी त्या वेळी आपल्याच मांडीकडे रोखलेली असते. शर्टाचे टोक, जर्किनची दोरी आणि तिच्या टोकाचा प्लास्टिकचा मणी यांच्याबाबतीतही हेच घडते. होल्स्टर जाड, ताठ चामड्याचे किंवा कडक प्लास्टिकचे असावे. ते तुमच्याच मॉडेलच्या मापाचे असावे, चापाची कडी त्यात पूर्ण झाकली जावी आणि पट्ट्यावर ते हलता कामा नये. पट्टाही रुंद आणि जाड असावा. बारीक पट्ट्यावर सातशे-आठशे ग्रॅम वजन दिवसभर लोंबकळते, मग माणूस ते सारखे सावरत राहतो, आणि प्रत्येक वेळी सावरताना हात नको तिथे जातो.

शस्त्र परत होल्स्टरमध्ये ठेवताना कधीही घाई करू नका. बाहेर काढण्याची घाई एखाद्या प्रसंगी समजू शकते, पण आत ठेवण्याची घाई कोणत्याच प्रसंगी नसते. कपडा बाजूला घ्या, होल्स्टरमध्ये डोकावून पाहा, तर्जनी चापापासून दूर, शस्त्राच्या अंगावर सरळ ठेवा आणि अंगठा घोड्यावर टेकवा. रिव्हॉल्व्हरचा हा मोठा गुण आहे : आत काही अडकून चाप दबू लागला, तर घोडा मागे उचलला जातो आणि अंगठ्याला ते ताबडतोब कळते. तिथेच थांबायचे आणि शस्त्र परत बाहेर काढायचे.

आता सहा काडतुसे की पाच. नव्या धर्तीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि टोपी यांच्यामध्ये एक अडसर असतो, जो चाप पूर्ण ओढल्याशिवाय बाजूला होत नाही. जुन्या शस्त्रांत हा अडसर नसतो, किंवा असला तरी झिजलेला असतो. आपले शस्त्र कसे आहे याची खात्री अधिकृत दुरुस्तीदाराकडून करून घ्या, आणि ती होईपर्यंत घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरा. काही जणांना वाटते की त्यामुळे पहिला वार फुकट जाईल. तसे होत नाही, कारण चाप ओढताना सिलिंडर एक घर पुढे फिरतो आणि घोड्यासमोर भरलेलेच घर येते. मात्र सिलिंडर बंद केल्यावर रिकामे घर खरोखर घोड्याखालीच आहे ना, हे दर वेळी पाहावे लागते.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांना जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली, हे सर्वांनी वाचले असेल. ते विमान गाठण्यासाठी निघत होते आणि शस्त्र ठेवताना ते हातातून पडून गोळी सुटली, असे त्यांच्याकडून सांगण्यात आले. गुन्हेगार नाही, झटापट नाही. पहाटेची वेळ, प्रवासाची गडबड आणि हातात भरलेले शस्त्र. माझ्याकडे नोकरीत आलेल्या प्रकरणांतही बहुतेक वेळा हेच चित्र असे : शस्त्र ठेवताना, काढताना, पुसताना किंवा कोणाला दाखवताना. म्हणून माझा आग्रह आहे की भरलेल्या शस्त्राला दिवसातून कमीत कमी वेळा हात लागावा. सकाळी होल्स्टरसकट पट्ट्यावर चढवावे, रात्री होल्स्टरसकट उतरवून कुलपात ठेवावे. रोज भरणे आणि रोज रिकामे करणे टाळावे. रिकामे करायचेच असेल तेव्हा घरातली एक जागा ठरवून घ्यावी, तिथे वाळूने काठोकाठ भरलेली मोठी बादली ठेवावी आणि नळी तिच्याकडे रोखूनच काडतुसे काढावीत.

आणखी एक गोष्ट, जी शरीराच्या स्वभावाविरुद्ध आहे. शस्त्र हातातून निसटले तर झेलायला जाऊ नका. झेलताना बोटे चापाच्या कडीत शिरतात. पडू द्या.

खडकवाडी :

आर्मरर काकांच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. माझ्याकडे रिव्हॉल्व्हर नसून बत्तीस बोअरचे पिस्तूल आहे, त्यामुळे माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मॅगझीन (मुठीत बसणारी काडतुसांची डबी) भरलेले ठेवावे पण चेंबर (नळीच्या मागचे, काडतूस झाडण्यासाठी बसते ते घर) रिकामे ठेवावे, असे मला परवाना मिळाला तेव्हा सांगण्यात आले. परंतु रस्त्यात गाडीचे दार उघडून कोणी गळ्याला कोयता लावला, तर दोन्ही हातांनी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायला वेळ मिळणार नाही, हे उघड आहे. एका हाताने दार धरलेले असेल किंवा तो हात जखमी असेल. तेव्हा चेंबरमध्ये गोळी ठेवून सेफ्टी कॅच लावणे अधिक योग्य नाही का? जे शस्त्र प्रसंगी चालणार नाही, ते बाळगण्याचा धोका तरी का पत्करावा, असा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

निवृत्त आर्मरर :

खडकवाडी, तुमच्या प्रश्नात तथ्य आहे, तरीही माझे मत सांगतो. आपल्याकडे परवानाधारकांच्या हाती असलेली बरीचशी पिस्तुले जुन्या रचनेची आहेत, काही तर वडिलोपार्जित आयात शस्त्रे आहेत. त्यांतल्या अनेकांत सेफ्टी कॅच फक्त चाप अडवतो. फायरिंग पिनला अडवणारी वेगळी व्यवस्था नसते, त्यामुळे पिस्तूल नळीवर आपटले तर पिन स्वतःच्या वेगाने पुढे सरकून टोपीवर आदळण्याची शक्यता उरते. शिवाय कॅच झिजतो आणि होल्स्टरमध्ये घासून नकळत खाली सरकतो. अशा पिस्तुलाचे चेंबर रिकामेच असावे. तुमचे पिस्तूल नव्या रचनेचे असेल, पिनला अडसर असेल, होल्स्टर चांगले असेल आणि तुमचा सराव नियमित असेल, तर भरलेले चेंबर बाळगणारे जाणकार आहेत आणि त्यांना मी चूक म्हणणार नाही. परंतु वर्षातून एकदाही सराव न करणाऱ्या माणसाने तसे बाळगू नये, या मतावर मी ठाम आहे. कोयता गळ्याला लागल्यावर कंबरेचे पिस्तूल काढून वाचता येईल, हे गृहीतही तपासून पाहा. इतक्या जवळून, हत्यार अंगाला भिडलेले असताना, रोकड देऊन टाकणे हाच बहुतेक वेळा जिवंत राहण्याचा मार्ग असतो.

पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम मात्र पक्का पाठ असू द्या, कारण त्यात चूक झाली की जीव जातो. आधी मॅगझीन काढून बाजूला ठेवायचे, मगच स्लाइड मागे ओढायची. क्रम उलटा झाला तर स्लाइड ओढल्यावर चेंबरमधले काडतूस बाहेर उडते, ते पाहून माणूस निश्चिंत होतो, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधले वरचे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. मग तो मॅगझीन काढतो, पिस्तूल रिकामे आहे अशी त्याची खात्री असते आणि तो चाप दाबून पाहतो. मॅगझीन काढल्यावर स्लाइड दोन-तीन वेळा ओढा, ती मागे अडवून ठेवा, चेंबरमध्ये उजेडात पाहा आणि करंगळीचे टोक घालून चाचपा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

एकच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये भरू नये, हेही लक्षात असू द्या. प्रत्येक वेळी गोळीचे टोक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या चढणीवर आपटते आणि गोळी पुंगळीत किंचित आत सरकते. आतली जागा कमी झाली की दारूचा दाब धोकादायक वाढतो. दुसरे नवे काडतूस शेजारी ठेवून लांबीची तुलना केली तर हा फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकतो.

कायदेपान :

मी फौजदारी वकिली करते. यांत्रिक बाजू वर उत्तम आली आहे, म्हणून फक्त कायद्याचे लिहिते.

कमरेला नुसते खोचणे, हा सुरक्षिततेचा प्रश्न तर आहेच, तो नियमभंगही आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरमध्ये किंवा त्यासारख्या योग्य आवरणातच बाळगावे लागते, ते पूर्ण झाकलेले असावे लागते आणि बाळगणाऱ्याचे त्यावर परिणामकारक नियंत्रण असावे लागते. शर्टाच्या वर, लोकांना दिसेल असे लटकवणे, हॉटेलच्या टेबलावर काढून ठेवणे, वादात नुसते दाखवणे, या सर्वांमुळे परवाना रद्द होऊ शकतो. परवान्यावर छापलेल्या अटी आपल्यापैकी किती जणांनी वाचल्या आहेत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. अटींच्या भंगासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे राहू लागली.

नियंत्रणाचा मुद्दा गांभीर्याने घ्या. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा किंवा गाडीचा नसतो. मालक बँकेत जाताना शस्त्र ड्रायव्हरकडे देतो, ही नेहमीची गोष्ट बेकायदा आहे. दुरुस्ती किंवा नूतनीकरण यांसारख्या मोजक्या कारणांसाठी, तेही परवानाधारकासमोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, दुसऱ्याला ते नेता येते, इतकीच सवलत कलम ३ मध्ये आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसर-बोरिवली परिसरात फेसबुक लाइव्ह सुरू असताना एका माजी नगरसेवकाची गोळ्या झाडून हत्या झाली, तेव्हा मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या स्वतःच्या अंगरक्षकाचे असल्याचे तपासात पुढे आले आणि त्या अंगरक्षकाला शस्त्र अधिनियमाखाली अटक झाली. स्वतः एकही गोळी न झाडता माणूस आरोपी होऊ शकतो.

आता स्वसंरक्षणाबद्दल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये हा अधिकार आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. जीव घेण्यापर्यंत हा अधिकार कधी जातो, हे कलम ३८ मध्ये सांगितले आहे : मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला असे ते प्रसंग आहेत. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, रात्रीची घरफोडी असे मोजके प्रसंग कलम ४१ मध्ये आहेत. परंतु संरक्षणासाठी आवश्यक आहे त्याहून अधिक इजा करण्याचा अधिकार कोणालाही नाही, ही कलम ३७ ची मर्यादा सर्वांवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात या विषयाची तत्त्वे एकत्र मांडली. भीती वाजवी असली पाहिजे, ती प्रत्यक्ष समोर असली पाहिजे, आणि भीती संपली की अधिकारही संपतो. कृष्णाकाठ, तुमच्या परिस्थितीत याचा सरळ अर्थ असा : बॅग हिसकावून मोटारसायकलवरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर बचावाची भूमिका टिकवणे अतिशय कठीण होईल. पैशांचा विमा उतरवता येतो, तो आधी उतरवा.

विधानसभा असो वा ग्रामपंचायत, निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर ते नेताना पूर्ण रिकामे करून, काडतुसे वेगळ्या डबीत घालून न्या आणि पोलीस ठाण्याकडून पावती घ्या. विमानतळावर तर प्रवासाआधी बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. विसरलेले एक काडतूस स्कॅनरमध्ये दिसले की गुन्हा नोंदवला जातो. ते माहीत नसताना राहिले होते हे न्यायालयात मान्य होऊ शकते, पण तिथवर पोहोचेपर्यंत माणसाची पुष्कळ ओढाताण होते.

टेक्सासकर :

ह्यूस्टनजवळ राहतो. इथे १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही हातशस्त्र बाळगता येते, म्हणून इथला अनुभव वेगळा आहे आणि तो भारताला जसाच्या तसा लागू होत नाही. तरी दोन-तीन गोष्टी सांगण्याजोग्या वाटतात.

चेंबर भरलेले असावे की रिकामे, या वादात इथले बहुसंख्य प्रशिक्षक भरलेल्या चेंबरच्या बाजूचे आहेत. परंतु त्यांचे म्हणणे ज्या पिस्तुलांवर आधारलेले असते, त्यांत पडल्यावर गोळी सुटू नये यासाठी आत स्वतंत्र अडसर असतात. आणि तरीही गाफील राहून चालत नाही. सिग कंपनीचे पी-३२० हे पिस्तूल विशिष्ट कोनात पडल्यास सुटू शकते असे २०१७ मध्ये चाचण्यांत दिसले, आणि त्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्यात सुधारणा करून देण्याची घोषणा केली. पुढेही त्या पिस्तुलावरून वाद आणि खटले चालूच राहिले. त्यामुळे आर्मरर काकांनी जुन्या पिस्तुलांबाबत दिलेला सल्ला मला पूर्णपणे पटतो.

इथे असलेल्या मराठी मंडळींसाठी एक महत्त्वाची सूचना. एच-वन-बी, एल-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्यानुसार शस्त्र तर नाहीच, काडतूसही बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना यांसारखे थोडेच अपवाद आहेत. राज्याचा कायदा कितीही सैल असला तरी ही बंदी कायम राहते. ग्रीन कार्ड असलेल्यांची गोष्ट वेगळी. मित्राच्या घरी सहज हातात घेण्याआधीही वकिलाला विचारा, कारण यात गुन्हा सिद्ध झाला तर व्हिसासकट सगळेच जाते. शिवाय ज्या दुकानाच्या दारावर शस्त्रबंदीचा कायदेशीर फलक आहे, किंवा ज्या बारच्या दारावर लाल अक्षरांत ५१ टक्के (निम्म्याहून अधिक उत्पन्न मद्यविक्रीचे असल्याची खूण) लिहिले आहे, तिथे शस्त्र घेऊन जाणे गुन्हा ठरते.

रानजाई :

मी एकटी राहून फळबागेचे काम पाहते आणि माझ्याकडेही रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. साडी किंवा पंजाबी ड्रेसवर जाड पट्टा बांधता येत नाही, त्यामुळे वरचा सल्ला मला थेट लागू करता येत नाही. बहुतेक स्त्रिया पर्समध्येच ठेवतात. २०१४ मध्ये निर्भीक नावाचे पाचशे ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आले, तेव्हा स्त्रियांना पर्समध्ये सहज ठेवता येईल असाच त्याचा गवगवा झाला होता. पर्समध्ये ते सुरक्षित ठेवण्याची काही पद्धत आहे का? शेतावर गड्यांची मुले येत-जात असतात, म्हणून विचारते.

टेक्सासकर :

रानजाई ताई, या बाबतीत इथली एक घटना सांगतो. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातल्या हेडन गावात एक तरुण आई मुलांना घेऊन वॉलमार्टमध्ये खरेदी करत होती. तिची पर्स ट्रॉलीत होती आणि ट्रॉलीत बसलेला तिचा दोन वर्षांचा मुलगा त्या पर्सशी खेळत होता. पर्स साधी नव्हती. शस्त्र ठेवण्यासाठी चेन असलेला खास कप्पा तिला शिवलेला होता. मुलाने तो उघडला, पिस्तूल त्याच्या हाती आले आणि आई जागीच गेली. ती शस्त्रांशी अपरिचित नव्हती, परवानाही होता. पर्स खांद्यावर असती तर कदाचित हे टळले असते. पर्स हातावेगळी झाली की शस्त्रही हातावेगळे झाले, एवढे या घटनेतून घ्यावे.

निवृत्त आर्मरर :

रानजाई ताई, पर्सशिवाय इलाज नसेल तर तीन अटी पाळाव्यात. शस्त्रासाठी वेगळा कप्पा असावा आणि त्यात दुसरे काहीही, अगदी रुमालसुद्धा, नसावे. पेन, किल्ली, लिपस्टिक चापाच्या कडीत शिरते. त्या कप्प्याच्या आतही शस्त्र ताठ होल्स्टरमध्येच असावे. आणि पर्स आडव्या पट्ट्याने अंगावर असावी, खुर्चीला, हुकाला किंवा गाडीच्या सीटवर कधीही नसावी. याहून चांगला पर्याय म्हणजे कुर्त्याखाली पोटावर बांधायचा रुंद पट्टा, ज्यात कडक आवरण शिवून घेता येते. बागेत काम करताना वाकावे लागते, तेव्हा आवरणाला बंद असणे आवश्यक आहे. मुलांचा वावर असलेल्या दिवशी, प्रत्यक्ष धोका नसेल तर, शस्त्र कुलपातच राहू द्यावे.

कृष्णाकाठ यांच्या घरच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. उशीखाली, कपाटावर, कपड्यांच्या घडीत, हे सगळे मुलांना आधीच माहीत असते. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने बसवलेली छोटी तिजोरी घ्या, जिचा क्रमांक घरात फक्त तुम्हाला ठाऊक असेल, आणि काडतुसांचा साठा दुसऱ्या कुलपात ठेवा. गाडीत डॅशबोर्डचा खण वापरूच नका. गाडी पार्किंगवाल्याकडे जाते, गॅरेजमध्ये जाते, आणि अपघातात खण उघडून शस्त्र बाहेर फेकले जाते. अंगावर ठेवा, आणि सीटबेल्ट त्यावरून जाताना चापाशी घासत नाही ना, हे रिकाम्या शस्त्राने एकदा बसून पाहा. महामार्गावरच्या स्वच्छतागृहात पट्टा सैल करावा लागतो, तेव्हाही शस्त्र होल्स्टरमधून काढून टाकीवर किंवा खिडकीत ठेवायचे नाही. ते तिथेच विसरून माणूस पुढे जातो. होल्स्टरमध्येच ठेवून पट्टा गुडघ्यांच्या वर ताणून धरायचा.

आकस्मिक विभाग :

मी सरकारी रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात काम करतो. इतकी तयारी करणाऱ्यांनी आणखी थोडी करावी, म्हणून लिहितो. हातशस्त्राची गोळी मांडीत लागली आणि मोठी रक्तवाहिनी फाटली, तर काही मिनिटांत माणूस दगावू शकतो, आणि आपल्याकडे रुग्णवाहिका येईपर्यंत तितका वेळ सहज निघून जातो. शस्त्र बाळगणाऱ्याच्या गाडीत जाड गॉज आणि टुर्निके (रक्तस्राव थांबवण्यासाठी हातापायाला आवळायचा पट्टा) असावे आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण त्याने घेतलेले असावे. गोळी लागल्यावर आधी शस्त्र दूर आणि सुरक्षित करा. मग जखमेवर स्वच्छ कापड घालून शरीराचा भार देऊन दाबा आणि दाब काढून पुन्हा पुन्हा पाहू नका. हात किंवा पायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, टुर्निके रक्त थांबेपर्यंत आवळा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. आत अडकलेले काहीही काढू नका, हळद भरू नका. १०८ ला फोन करा.

पोलीस केस आहे म्हणून रुग्णालय उपचार नाकारेल, या भीतीने लोक वेळ घालवतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, कागदपत्रे नंतर. आम्ही पोलिसांना कळवतोच, तुम्ही फक्त वेळेत आणा.

कृष्णाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. भेट मिळालेले होल्स्टर काकांनी सांगितल्याप्रमाणे तपासले. तोंड लगेच मिटते, त्यामुळे ते बाजूला काढले आहे आणि कोल्हापुरात मापाचे शिवून घेणार आहे. शेवटची एक शंका : आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्यालाच ओल धरते. चामड्याचे होल्स्टर आणि वर्षभर तीच काडतुसे, हे चालते का?

निवृत्त आर्मरर :

दिवसा अंगावर चामडे चालेल, पण पावसाळ्यात रात्रभर शस्त्र त्यात ठेवू नका. चामडे ओल धरते, कमावण्यासाठी वापरलेले क्षार लोखंडाला खातात, आणि निळसर झिलईखाली गंज चढलेला आठवड्याभरात दिसतो. एवढ्याच कारणासाठी, रात्री होल्स्टरसकट ठेवण्याच्या माझ्या आधीच्या सल्ल्याला पावसाळ्यात अपवाद करा : वाळूच्या बादलीपाशी रिकामे करा, कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह तिजोरीत ठेवा. कडक प्लास्टिकचे होल्स्टर घेतलेत तर ही दगदग बरीच कमी होईल.

तेल काडतुसांना लागू देऊ नका. ते टोपीच्या कडेने आत झिरपते आणि दारू निकामी करते. खिशातली आणि सिलिंडरमधली काडतुसे दर वर्षी पावसाळा संपला की रेंजवर झाडून संपवा आणि नवी भरा. हिरवट डाग पडलेले, चेपलेले किंवा गोळी सैल झालेले काडतूस भरू नका, ते दुकानदाराकडे परत द्या. रेंजवर चाप ओढूनही आवाज झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान अर्धा मिनिट थांबा, कारण कधी कधी दारू उशिरा पेटते. आणि आवाज नेहमीपेक्षा अगदीच फुसका झाला, तर दुसऱ्यांदा चाप ओढू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून आलेली दुसरी गोळी नळी फोडते. शस्त्र रिकामे करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. दिसला नाही तर ते तसेच, रिकामे, दुरुस्तीदाराकडे न्या.